साडेपाचची नोंद

दिवाळी सरली, तुळशीची लग्नं उरकली, की पुण्यातल्या लोकांना एकाएकी थंडी वाजायला लागते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो, खाली 'पुणेकर गारठले' अशी ओळ येते आणि सोळा अंशांत माकडटोप्या बाहेर पडतात. वारज्याला आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी जी मंडळी फिरायला येतात ती या दिवसांत एकमेकांना नमस्काराऐवजी आकडा सांगतात. "आज बारा होतं म्हणे." "छे हो, अकरा." अकरावाला भेटला की बारावाल्याचा चेहरा पडतो. थंडीसुद्धा आपल्यापेक्षा दुसऱ्याकडे जास्त असलेली इथे कुणाला खपत नाही. मी बाकावर बसून ऐकतो. पस्तीस वर्षं मी हवामानाच्या नोकरीत काढली, त्यामुळे या विषयावर मी तोंड उघडत नाही. लोकांना वाटतं, पाठकांना हल्ली कमी ऐकू येतं. वाटू दे.

माझी नात सई खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. परवा सकाळी दोन्ही हातांनी चहाचा कप धरून ती म्हणाली, "आजोबा, ॲपवर बारा दाखवतंय, पण फील्स लाइक नाइन. सिरियसली फ्रीझ व्हायला होतंय."

"बारा असेल तर बारा. नऊ कुणी मोजलं?"

"मोजलं नाही हो, तसं फील होतं." मग तिला काय आठवलं कोण जाणे. "तुम्ही त्या डोंगरावर होतात ना? तिथे सगळ्यात कमी किती पाहिलंय तुम्ही?"

"चार पूर्णांक नऊ," मी म्हणालो.

"बस?" असं म्हणून ती गेली. तिची बस चुकणार होती.

चार पूर्णांक नऊ हा छापील आकडा आहे. त्या केंद्राचं आजवरचं सर्वांत कमी तापमान म्हणून तोच सगळीकडे छापलेला आहे. मी त्याहून कमी पाहिलं आहे, याच डोळ्यांनी, एका हाताच्या अंतरावरून. पण इतक्या वर्षांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नातीनं विचारलं तरी माझ्या तोंडून सरकारी आकडाच बाहेर पडला. मला स्वतःची शिसारी आली. त्या दिवशी मी फिरायला गेलो नाही.

*

ते केंद्र म्हणजे सह्याद्रीच्या एका माथ्यावरच्या दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक खांब आणि तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी. पेटीच्या भिंतींना झरोके, आत चार थर्मामीटर. त्या पेटीपायी आम्ही दोन माणसं तिथे राहत होतो. पहाटे साडेपाच, सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच. पाऊस असो, वारा असो, अंगात ताप असो, ठरल्या वेळी पेटीचं दार उघडायचं, आकडे वाचायचे, वहीत पेन्सिलीनं मांडायचे, सही करायची आणि वायरलेसवरून पुण्याला कळवायचे. मी पंचविशीचा होतो. लग्न होऊन वर्ष झालेलं. पेठेत वाढलेला माणूस. डोंगर म्हणजे सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खायची, एवढीच माझी ओळख.

यासीन तांबोळी माझे वरिष्ठ. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, भवानी पेठेतले. वडिलांचं वह्या-पुस्तकं बांधण्याचं दुकान होतं. "आडनाव तांबोळी, पण आमच्या घरात पान एकच, कागदाचं," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत, म्हणजे तो विनोद दुसऱ्या कुणी करायला नको. सरकारी नोंदवह्यांची बांधणी तीन महिन्यांत सुटते, म्हणून ते खळ करून, कापड लावून त्या स्वतः बांधत. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि माझ्यापेक्षा तुटक. मी त्यांना यासीनभाई म्हणायचो, ते मला 'अहो पाठक'. मी वयानं एवढा लहान, पण त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पावसाळ्यातलं तिथलं राहणं मी सांगत नाही. चार महिने ढगाच्या पोटात राहिलेल्या माणसाला सांगण्यासारखं काही नसतं. पण कार्तिक लागला की डोंगर एका सकाळी धुऊन पुसून समोर ठेवल्यासारखा दिसे. हिरवं गवत आठ दिवसांत पिवळं पडे. पश्चिमेचा वारा थांबे, मधे दोन-चार दिवस काहीच हलत नसे, मग पूर्वेकडून कोरडा वारा सुरू होई आणि ओठ फुटत. सकाळी खालची दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली आणि आम्ही वर लख्ख उन्हात. किती लांबचं दिसतं तेही नोंदवायचं असे. त्यासाठी आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. जवळच्या टेकडीवरचं देऊळ, त्यापलीकडचा धरणाचा बांध, आणि अगदी स्वच्छ दिवशी पूर्वेला तळाशी एक तपकिरी डाग. तो डाग म्हणजे पुणे. यासीनभाई वहीत शेवटची खूण दिसल्याची नोंद करत आणि म्हणत, "पुणे आहे जागेवर." त्यांची बायको आणि तीन-चार वर्षांची मुलगी त्या डागात होती. माझी सुमनही तिथेच होती, सहावा महिना लागलेली.

आपल्या भाषेत थंडी 'वाजते' का म्हणतात ते मला तिथे कळलं. पुण्यात ती दातांपुरती वाजते. तिथे पत्रा वाजायचा, वाऱ्याच्या खांबाची तार वाजायची, कडी वाजायची, आणि पहाटे साडेपाचला गजर वाजायचा, तो सगळ्यात वाईट. घोंगडीखालून पाय काढायचा म्हणजे शत्रूच्या प्रदेशात टाकल्यासारखं वाटे. पेटीपर्यंत वीस पावलं होती. ती वीस पावलं चुकवावीत असं ज्याला वाटलं नसेल तो माणूस माझ्या पाहण्यात नाही. अर्थात, वाटणं आणि चुकवणं यांत फरक आहे, आणि तो फरक करण्यासाठीच सरकार आम्हाला पगार देत होतं.

चुकवायची रीत सोपी. आदल्या दिवसाचा आकडा पाहायचा, त्यात दोन-चार दशांश इकडेतिकडे करायचे आणि चुलीजवळ बसून वहीत मांडायचा. पुण्यात बसून कुणालाही संशय येत नाही; उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांचे दात मोजता येत नाहीत. अशा नोंदीला यासीनभाईंचा एक शब्द होता : 'चुलीवरचं'. अमुक केंद्राचा माणूस सबंध वर्ष चुलीवरचं पाठवत होता, तमुक ठिकाणी साहेबच चुलीवरचे निघाले, असं ते सांगत. त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी शिवी मी ऐकली नाही.

मी पहिल्यांदा चुलीवरचं लिहिलं ते त्याच कार्तिकात. यासीनभाई साडेसहाला उठले, चहा ठेवला, वही चाळली. मग दाराकडे पाहत म्हणाले, "अहो पाठक, तुमच्या चपला कोरड्या आहेत."

मी त्या पायानं दाराआड सारल्या.

"बाहेर गवतावर दव आहे. माणूस पेटीपर्यंत जाऊन आला तर चपला भिजतात." त्यांनी चहा गाळला, माझा कप माझ्यापुढे ठेवला. "शिजवायचंच असेल तर पिठलं शिजवा. मी खाईन. हे मला खाता येत नाही."

मला वाटलं होतं, ते वर कळवतील. त्यांनी कळवलं नाही. तो आकडा खोडला, बाजूला 'नोंद घेतली नाही' असं लिहिलं आणि पुण्यालाही तसंच कळवलं. मग म्हणाले, "मला शब्द द्या. पुन्हा नाही." मी दिला. त्यानंतर त्यांनी माझ्या चपलांकडे कधी पाहिलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या वडिलांनीही टाकला नव्हता, आणि वडिलांचा अंदाज बरोबर होता.

*

मी बदलीचा अर्ज केलेला होता. सुमनची तब्येत नाजूक, घरी आई आजारी, अशी सगळी खरी कारणं त्यात होती. यासीनभाईंनाही पुण्याला जायचं होतं, पण त्यांना अर्ज करावा लागला नव्हता. नव्या निरीक्षकांना शिकवायला त्यांना पुण्याला बोलावणार असं जवळजवळ ठरलं होतं. पंधरा वर्षांत एक नोंद चुकली नाही, असा माणूस शिकवायला नको तर कोण हवा? कागद यायचा तेवढा बाकी होता. ते मुलीसाठी पाटी घेऊन जाणार होते. तिला अक्षरं आपणच शिकवायची, शाळेवर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "शाळेत अक्षर बिघडतं," असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला पाणी आणि सरपण आणून देणारे रामभाऊ मरगळे खालच्या धनगरवाड्यातले. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. मार्गशीर्ष लागून दोन-तीन दिवस झाले असतील, दुपारी हंडा उतरवून ते म्हणाले, "सायेब, वारं फिरलंय. उद्या गारठा हाय. मेंढरं आत घेतल्यात."

"किती असेल?" मी थट्टेनं विचारलं.

"त्ये तुमी सांगायचं," रामभाऊ म्हणाले. "आमाला नुसतं लागतंय."

दुसऱ्या पहाटे साडेपाचची पाळी माझी होती. गजर झाला. वाऱ्यानं दाराखालून धूळ आत आणली होती. आदल्या दिवशी याच वेळी नऊ होतं. मी चुलीत दोन लाकडं सारली, वही मांडीवर घेतली. आठ पूर्णांक आठ. आकडा लिहिताना मला तो आवडला होता, हेही सांगून टाकतो; फार कमी नाही, फार जास्त नाही, कुणाच्या डोळ्यांवर येणारा नाही. सही केली, पुण्याला कळवलं आणि पुन्हा घोंगडीत शिरलो. शब्द दिल्याची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि मी कूस बदलली.

साडेआठला ऊन अंगणभर आलं होतं. यासीनभाईंनी बाहेरून हाक मारली. "पाठक, जरा या. हे पाहून घ्या, परत दिसायचं नाही."

ते काय दाखवत होते ते समजावं म्हणून एवढं सांगायला हवं. रात्रभरातलं सर्वांत कमी तापमान मोजणारं थर्मामीटर पेटीत आडवं असतं. त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल आणि त्या अल्कोहोलमध्ये एक बारीक काळी काडी. तापमान उतरेल तशी ती काडी मागे ओढली जाते आणि सर्वांत खालच्या आकड्यावर थांबते. तापमान पुन्हा चढलं तरी ती तिथेच राहते. सकाळी माणसानं यायचं, काडीचं पुढचं टोक वाचायचं. पुढचं, मागचं नाही. नवशिका हमखास मागचं वाचतो, म्हणून पहिल्या दिवशी पहिला धडा तोच असतो. वाचून झालं की थर्मामीटर तिरकं करायचं, म्हणजे काडी सरकते आणि दुसऱ्या दिवसासाठी तयार होते. रात्रीचा एकुलता एक पुरावा असा आपल्याच हातानं पुसायचा असतो.

काडीचं पुढचं टोक तीन पूर्णांक दोनवर होतं. मी डोळे त्याच्या रेषेत आणून, शिकवल्याप्रमाणे, दोनदा वाचलं. तीन पूर्णांक दोन.

"या केंद्रावर इतकं कधीच नव्हतं," यासीनभाई म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता. मग त्यांनी वही उघडली आणि ते थांबले. "साडेपाचला आठ पूर्णांक आठ?"

"हो."

"आणि आत्ता ऊन आल्यावर आठ पूर्णांक सहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साडेपाचला गेला होतात ना?"

"गेलो होतो म्हणजे काय," मी म्हणालो. वर थोडा रागावलोही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्यांनी मान हलवली. "शब्द दिलाय तुम्ही. म्हणजे साडेपाचनंतर एकदम उतरलं असणार. वाऱ्याचा काही नेम नाही." माझ्या खोट्यासाठी कारण त्यांनीच शोधून दिलं. मग थर्मामीटर तिरकं केलं. काडी सरकली.

थोड्या वेळानं रामभाऊ पाणी घेऊन आले आणि म्हणाले, खोलगटीत पहाटं गवत पायाखाली कुरकुरत हुतं, पांढरं झालतं. त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. त्यांच्याजवळ आकडा नव्हता.

*

आता पुण्यातल्या कार्यालयात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ती वही पाहा. पहाटे साडेपाचला आठ पूर्णांक आठ, साडेआठला आठ पूर्णांक सहा, आणि रात्रीचं सर्वांत कमी तीन पूर्णांक दोन. तीन तासांत साडेपाच अंश खाली जाऊन परत वर? शिवाय शांत रात्री डोंगरमाथा खालच्या दरीपेक्षा उबदार असतो, हे पुस्तकात लिहिलेलं. त्या रात्री वारा होता, पण वारा पुस्तकात नव्हता. तापमानाची रेघ आपोआप काढणारं एक यंत्र आमच्याकडे होतं. त्याचं घड्याळ दोन महिने बंद होतं आणि दुरुस्तीची तीन पत्रं त्याच पुण्याला गेलेली होती. दोन आकड्यांतला एक खोटा, हे तिथल्या माणसानं बरोबर ओळखलं. माझा आकडा साधा दिसत होता, यासीनभाईंचा विलक्षण. तेव्हा खोटा कुठला हे ठरवायला फार वेळ लागला नाही.

'खुलासा करावा' असं पत्र आलं. यासीनभाईंनी दोन वाक्यांत उत्तर दिलं : नोंद मी स्वतः घेतली आहे. नोंद बरोबर आहे. मग आठवड्याभरानं तपासणीला साहेब आले. साहेब भले होते, घामाघूम होऊन डोंगर चढून आले होते. त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन पाहिलं, काडीची लांबी अंशांवर मोजली. साडेपाच अंशांच्या आसपास भरली. मागचं टोक तीन पूर्णांक दोनवर, तर पुढचं आठाच्या पुढे. सगळं जमून आलं.

"चुकीचं टोक वाचलंत, तांबोळी," साहेब म्हणाले.

"नाही साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "पाठक, साडेपाचला तुम्ही बाहेर गेला होतात?"

हेच ते. माझ्या आयुष्यात मला एकच वाक्य बोलायचं होतं, सहा-सात शब्दांचं. बोललो असतो तर काय झालं असतं? ताकीद, फार तर वर्षभर बदली लांबणीवर. सुमनचं बाळंतपण तिच्या आईनं केलं असतं, नाहीतरी केलंच. पण मी त्या वेळी एवढाच विचार केला की अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.

"हो साहेब, गेलो होतो."

"आणि सकाळी यांनी तुम्हाला बोलावलं होतं म्हणतात. तुम्ही काडी पाहिलीत?"

यासीनभाई माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. साक्षीदार हजर होता, काळजी कसली?

"ऊन डोळ्यांवर होतं," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

साहेबांनी लाल पेन्सिलीनं तीन पूर्णांक दोनभोवती गोल काढला आणि शेजारी प्रश्नचिन्ह. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही आपले पेठेतले, चांगल्या घरातले. या माणसाबरोबर राहायचं म्हणजे जरा लक्ष ठेवत चला." भवानी पेठही पुण्यातच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. मान हलवली. एकदा हलली की मान हलतच राहते.

 यासीनभाई संध्याकाळची नोंद घेऊन आले आणि नुसतं म्हणाले, "ऊन तुमच्या पाठीमागे होतं, पाठक." मी म्हणालो, "मला तसंच आठवतंय."  ते दिवा जवळ ओढून वहीची सुटलेली बांधणी शिवायला बसले. मला वाटलं होतं, ते भांडतील. भांडले असते तर कदाचित मी बोललो असतो. आपल्या भित्रेपणाचं खापर दुसऱ्याच्या सभ्यतेवर फोडायचं, ही सवय मला तेव्हापासूनची.

पौषात कागद आले. माझी बदली पुण्याला. यासीनभाईंना ताकीद, आणि पुण्याला शिकवायला बोलावण्याऐवजी विदर्भातल्या एका लांबच्या केंद्रावर साधे निरीक्षक म्हणून बदली. चुकीचं टोक वाचणारा माणूस नव्या मुलांना काय शिकवणार, असं पुण्याचं म्हणणं. आणि ते म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त माणूस चुकीचा होता.

*

पुण्यात मला कुठल्या विभागात घेतलं असेल? निरनिराळ्या केंद्रांच्या वह्या तपासण्याच्या. माझ्या टेबलावर लाल पेन्सिल असे. तिशी उलटायच्या आत मी त्या कामात वाकबगार झालो. चुलीवरचा आकडा मला लांबून ओळखू येई. कोडगेपणाचा एवढा एक फायदा होतो. लोक म्हणत, पाठकांची नजर फार कडक. आमच्या केंद्राच्या त्या वर्षीच्या वह्या खालच्या मजल्यावर होत्या. मी निवृत्त होईपर्यंत तो जिना कितीदा उतरलो असेन. प्रश्नचिन्ह खोडायला एक खोडरबर पुरलं असतं, पण कारण लिहावं लागलं असतं. छापील यादीत तीन पूर्णांक दोन कधी आलंच नाही. पुढे कुठल्या तरी माघात चार पूर्णांक नऊ झालं आणि तोच नीचांक ठरला.

यासीनभाई निवृत्तीनंतर भवानी पेठेत परत आल्याचं मला कळलं होतं. पुण्यात माणूस चुकवणं अवघड नाही. पेठ चुकवली की झालं. मी पंचवीसेक वर्षं ती पेठ चुकवली. लग्नाचं आमंत्रण असलं तरी त्या रस्त्यानं गेलो नाही. सुमनला मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं, बदली तिच्या नाजूक तब्येतीमुळे मिळाली.

पण परवा सईला चार पूर्णांक नऊ सांगितलं, आणि मग मला राहवेना. काल सकाळी दोन बस बदलून गेलो. बांधणीच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. वर जिना आहे. दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. पातळ काड्यांचा चष्मा, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. शिक्षिका असणार.

"यासीनभाई आहेत का? मी पाठक. आम्ही डोंगरावरच्या केंद्रावर—"

"अब्बा मार्चमध्ये गेले," त्या म्हणाल्या. मग एकदम बाजूला झाल्या. "पाठक काका? आत या ना. अब्बा तुमचं नाव घ्यायचे."

मी बसलो. भिंतीवरच्या फोटोत ते म्हातारे दिसत होते, पण ओळखू येत होते. काय म्हणायचे, असं मी विचारलं. 

"तीच थर्मामीटरची गोष्ट. मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणजे सुट्टीत ऐकायची; मी नोकरीला लागेपर्यंत अब्बा वर्षातून दोनदा दिसायचे." त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. "पुष्कळ वर्षं ते म्हणायचे, मी बरोबर वाचलं होतं. ऊन कुठल्या बाजूला होतं तेही सांगायचे. मग मोतीबिंदू झाला. तेव्हापासून म्हणायला लागले, माझे डोळे तेव्हापासूनच अधू असतील. मी म्हणायची, अब्बा, तुम्ही कशाला चुकाल? तर म्हणायचे, 'पाठकांनी मला शब्द दिला होता. ते साडेपाचला गेलेच असणार. दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. म्हणजे माझाच चुकला.' शेवटी शेवटी तर त्यांना ते पटलंच होतं. माझी चूक, उगाच लोकांना दोष दिला, म्हणायचे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चूल, घोंगडी, काडीचं पुढचं टोक, साहेबांपुढे जे बोललो ते, अर्ज. माझं ऐकताना त्या उभ्याच होत्या.  त्यांनी गठ्ठ्यातल्या एका वहीतून मधला कोरा कागद काढला, पिना नीट वाकवून, आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवला.

"लिहून द्या."

मी लिहिलं. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बाहेर गेलो नव्हतो. वहीतला आकडा माझ्या मनचा आहे. श्री. यासीन तांबोळी यांनी साडेआठला वाचलेला आकडा मी त्यांच्या शेजारी उभा राहून दोनदा वाचला होता. तो तीन पूर्णांक दोन होता. खाली सही, तारीख.

त्यांनी कागद वाचला, शिक्षिका वाचतात तसा, शेवटपर्यंत. मग परत माझ्यापुढे सरकवला.

"वेळ राहिली."

"वेळ कशाला?"

"अब्बा सांगायचे, नोंद घ्यायला उशीर झाला तर ठरलेली वेळ लिहायची नाही. ज्या वेळी घेतली ती लिहायची."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढं लिहिलं.